साग्बोची मोळी

कोतोनू, ४ ऑक्टोबर २०१८

झिन्सूदादा,

पत्र फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. तुला वाचता येत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या सेनामीला ते फाडवणार नाही, तेवढ्या भरवशावर लिहितोय.

परवा तुझ्या या नातीने फोन केला. म्हणाली, "धाकटे आजोबा, मोठ्या आजोबांचा पायाचा अंगठा काळा पडलाय. डॉक्टर म्हणतात, आत्ता आलात तर अंगठ्यावर भागेल, वर्ष संपेपर्यंत बसून राहिलात तर गुडघ्यापर्यंत जाईल. आणि हे जागचे हलत नाहीत."

का हलत नाही म्हणून विचारलं, तर तुझं उत्तर तिने तुझ्याच आवाजात ऐकवलं. "मागे एकदा दवाखान्यात गेलो, तर माघारी माझा भाऊ नाहीसा झाला. साग्बो घरी येईपर्यंत मी पलंगावरून पाय खाली ठेवणार नाही. कापायचा तर इथेच कापा."

फोनवर तू येत नाहीस. पंचवीस वर्षं आला नाहीस. म्हणून हे पत्र, आबोमेला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या हाती.

सेनामी, तू हे मोठ्याने वाचत असशील, म्हणून मध्येच चार ओळी तुझ्यासाठी. नर्सिंगच्या पुस्तकात हे नसणार. तुझे आजोबा जुळे. त्यांच्यातला साग्बो दोन वर्षांचा असताना रानात लाकडं आणायला गेला. जुळ्यांतलं एक गेलं की आपल्यात याखेरीज दुसरा शब्द काढत नाहीत, तूही काढू नकोस. मग आईने वीतभर लाकडाचा साग्बो कोरून घेतला. झिन्सूला आंघोळ की त्याला आंघोळ, झिन्सूला चवळी की त्याच्याही ओठाला चवळी, झिन्सूला सदरा की त्याच कापडाचा त्यालाही. बाजाराला निघाली की कमरेच्या कापडात त्याचं डोकं वर ठेवून खोचायची. मी त्यांच्या पाठीवरचा. जुळ्यांच्या पाठीवर येतो तो दोसू, म्हणून माझं नाव दोसू. साग्बोला मी फक्त लाकडातच पाहिलं, पण भांडलो त्याच्याशी सख्ख्या भावासारखा, कारण त्याच्या वाटचं मला कधी मिळायचं नाही. आई गेल्यावर तो तुझ्या आजोबांकडे आला.

आता दादा, तुला. त्र्याण्णव साली, उईदाच्या मोठ्या उत्सवाच्या वेळी, तू पाय मोडून दवाखान्यात होतास. साग्बोला तू तीन दिवस माझ्याकडे दिलंस. मी त्याला टोपलीत घालून उत्सवाला नेलं आणि येताना त्या हिरव्या टॅक्सीत टोपली राहिली. तेव्हा हेच सांगितलं होतं, आजही तेच सांगतोय.

माझ्या ओळखीत एक म्हातारा कोरणारा आहे. चांगल्या लाकडाचा नवा साग्बो करून देईल, जुन्याहून देखणा. हो म्हण, मी स्वतः घेऊन येतो. पण आधी दवाखान्यात जा.

मी सत्तावन्न वर्षांचा झालो. जिना चढताना गुडघे बोलतात. तुझ्याशी आणखी भांडायची ताकद राहिली नाही.

दोसू


कोतोनू, २१ ऑक्टोबर

दादा,

सेनामीने तुझा निरोप एक शब्द न गाळता पोचवला. "नवा साग्बो दोसूला त्याच्याच दुकानात मांडायला सांग. आणि विचार, टॅक्सी हिरवी कधी झाली? तेव्हा पांढरी होती."

पंचवीस वर्षांत तू मला उद्देशून एवढं बोलला नव्हतास. त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला भाव कमी करून दिला.

हिरवी-पांढरी राहू दे. यापेक्षा मोठी गोष्ट घडली आहे.

मंगळवारी दुपारी दुकानासमोर एक गोरी बाई उभी राहिली. पन्नाशीची, पायात मजबूत बूट, हात पाठीमागे. माझा माल तू पाहिलेला नाहीस. पुढच्या दोरीवर कापडाची बाहुली टांगलेली असतात, सावरीचा कापूस भरलेली, छातीत लाल डोक्याच्या टाचण्या. बाहेरचे लोक ती बघून हसतात, एकमेकांना ढोसतात, मग हळूच विचारतात, "खरंच चालतं का हो?" मी म्हणतो, "साहेब किती जाड आहे त्यावर आहे." शेजारी रोझालीनचं कापडाचं दुकान. ती पंधरा वर्षं तेच वाक्य ऐकते आणि पंधरा वर्षं तेच म्हणते, "दोसू, तुझ्या टाचणीने मेलेला एक साहेब दाखव, मी दुकान तुझ्या नावावर करते."

ही बाई मात्र हसली नाही. म्हणाली, "हे तुमच्याकडे पूर्वीपासून आहे?"

"हजार वर्षांपासून," मी म्हणालो. हे तोंडातून आपोआप निघतं.

तिने फोनमधला एक फोटो पुढे धरला. "मग हे काय आहे ते सांगा. माझ्या वडिलांनी त्र्याण्णव साली उईदाहून आणलं. त्याच वर्षी माझ्या भावाला अपघात झाला. आईने ते घरातून काढलं. तेव्हापासून गॅरेजमध्ये बिस्किटांच्या डब्यात आहे. आता वडील गेले, आई गेली, डबा माझ्याकडे आला. जाळू, पुरू, की काय करू? शाप उतरवतात कसा?"

मी चष्मा लावला.

दादा, डाव्या कानाचा टवका उडालेला. दात येताना तू चावला होतास, आई कितीदा सांगायची. नाक पुसट झालेलं, तिच्या हाताने धुऊन धुऊन. गळ्यात एकच निळा मणी.

तिने फोटोतल्या आणखी एक-दोन गोष्टींबद्दल विचारलं. फोटो लहान होता, मला नीट दिसलं नाही.

मी म्हणालो, "बाई, जाळू नका. तो शाप नाही. तो कुणाचा तरी भाऊ आहे."

ती आधी हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. मी स्टूल दिलं. जुळ्यांचं सांगितलं, चवळीचं सांगितलं, कमरेच्या कापडाचं सांगितलं. तिचं नाव लीस्बेथ, शाळेत इतिहास शिकवते.

"एवढी वर्षं," ती म्हणाली, "आम्ही एका लहान मुलाला डब्यात घालून घाबरत होतो?"

"घाबरायला चांगलाच होता तो. लहानपणी माझ्या वाटचं खायचा."

मग तिने पुढची दोरी दाखवली. "आणि या टाचण्या?"

"त्या तुमच्यासाठी."

"म्हणजे?"

"तुमची माणसं येऊन विचारायची, टाचण्यांचं बाहुलं आहे का? माझ्या बापाने, आजाने असलं बाहुलं पाहिलेलं नव्हतं. पण नाही तरी किती वेळा म्हणणार? बांधायला लागलो."

तेव्हा ती म्हणाली, तिकडे युरोपात तीन-चारशे वर्षांपूर्वी लोक वैऱ्याचं मेणाचं बाहुलं करायचे आणि टाचण्या टोचायचे. त्यापायी बायकांना कोर्टात उभं करायचे. पुढे पुस्तकवाल्यांनी, सिनेमावाल्यांनी ते सगळं उचलून आपल्या माथी मारलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमचंच तुम्हाला विकतोय," मी म्हणालो, "आणि वर विमानाचं भाडंही तुमचंच!"

पलीकडे रोझालीन कापडाच्या ठाणावर डोकं टेकून हसत होती. लीस्बेथबाईही हसली. मला हसू आलं नाही. मी थकलो होतो.

जाता जाता तिने विचारलं, आमच्या बाहुल्यांत काहीच ठोकत नाहीत का? मी तिला आपल्या आजोबांच्या दारातला लाकडी रखवालदार सांगितला. आठवतो ना? उंबऱ्याबाहेर जमिनीत रोवलेला, दोऱ्यांनी गुंडाळलेला, छातीत भोकं आणि भोकांत लाकडाच्या खुंट्या. घरावर येणारं संकट त्याने आपल्या अंगावर घ्यायचं. आजोबा भोकाशी तोंड नेऊन बोलायचे आणि लगेच खुंटी बसवायचे, म्हणजे बोलणं आत राहील. कुणाला दुखवायला नाही. कुणीतरी लांबून ते पाहिलं असेल आणि वाटलं असेल, टोचताहेत.

सेनामी, पुढचं आजोबांना वाचू नकोस. डॉक्टरांना खाजगीत विचार, डिसेंबरपर्यंत खरंच दम आहे का.

तर दादा, साग्बो सापडला. टॅक्सीतून कुणीतरी टोपली पळवून त्या बाईच्या बापाला विकली असणार. बाई घरी गेली की पाठवेल. आता तरी त्या अंगठ्याचं बघ.

दोसू


कोतोनू, ९ नोव्हेंबर

दादा,

सेनामी म्हणाली, तिने गाळलेलं तू ओळखलंस आणि तिला वाचायला लावलंस. आवाज बदलला म्हणे तिचा. पोरीला खोटं जमत नाही. आपल्या घरात ते एकट्याच्याच वाट्याला आलं.

आणि तू एवढंच विचारलंस, "पाहुणीच्या बापाने तो घेतला कुणाकडून, हे दोसूने विचारलं का?"

विचारायची गरज नव्हती. मी विकला.

लिहिलं. पेन खाली ठेवून पाणी पिऊन आलो. आता पुढचं लिहितो.

तुला माहीत आहे, त्या वेळी माझ्याकडे काय होतं. बंदरावर पोती वाहिली होती, पाठ गेली. मग गळ्यात पाटी अडकवून शेंगदाणे आणि लाकडी फण्या विकत फिरायचो. उईदाला त्या आठवड्यात जगभरचे लोक उतरलेले. आपल्या माणसांना देव भेटला, मला गिऱ्हाईक भेटलं. माझे कान तिखट होते. चार दिवसांत मी पाच भाषांत "महाग आहे" ओळखायला लागलो. आणि सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते म्हणजे, "जुनं दाखवा. हे सगळं नवं आहे. खरं दाखवा."

त्यांतलाच हा एक, उंच, लाल मानेचा गोरा. त्याने फण्या उलट्यासुलट्या केल्या, खाली ठेवल्या, आणि माझ्या पायाशी टोपली होती तिच्यात वाकून पाहिलं.

"हे?"

"हे विकायचं नाही."

तो गेला. परत आला. तीनदा आला. तिसऱ्यांदा मी हो म्हणून मान हलवली. मधे काय झालं ते आठवत नाही असं मी स्वतःला पंचवीस वर्षं सांगत आलोय. आठवतं. पत्र्याखालची एक जागा भाड्याने मिळत होती, तिचा मालक रविवारपर्यंत थांबणार होता. मी पत्र्याचा विचार करत होतो. या दुकानाचा पहिला पत्रा साग्बो आहे, दादा. पावसात त्याच्याखाली उभं राहून मी धंदा केला आणि दोन मुलींची लग्नं केली.

तू दवाखान्यातून कुबडीवर बाहेर आलास. मी टॅक्सीची गोष्ट सांगितली. तू ओरडला नाहीस. मला वाटलं होतं, मारशील. तू एवढंच विचारलंस, "जेवायला घातलं होतंस ना त्याला?"

मी हो म्हणालो. त्या सगळ्या बोलण्यात तेवढं एक खरं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला चवळी भरवली, तोंड पुसलं, आणि दुपारी विकला.

त्यानंतर तू अंगावर नवीन कापड घेतलं नाहीस, हे मला आबोमेहून येणारा प्रत्येक जण सांगतो. शिंपी असून ठिगळाच्या सदऱ्यात फिरतोस. साग्बोसाठी शिवता येत नाही, म्हणून स्वतःसाठीही नाही. लोकांना वाटतं तू कंजूष झालास.

लीस्बेथबाईचं पत्र आलं. तिच्या शाळेतली एक मैत्रीण महिनाअखेर कोतोनूला येणार आहे, डबा तिच्याबरोबर येईल. साग्बो बरा आहे. थोडा जुना झालाय, एवढंच.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. शिव्या द्यायच्या त्या दे, पण दवाखान्यात बसून दे.

दोसू


कोतोनू, ३ डिसेंबर

दादा,

मागच्या पत्रात लिहिलं, लपवण्यासारखं काही उरलं नाही. उरलं होतं.

तुझा काही निरोप आला नाही. सेनामी म्हणते, पत्र संपल्यावर तू भिंतीकडे तोंड करून झोपलास, दुसऱ्या दिवशी दुपारी उठून चहा मागितलास, आणि अंगठ्याशेजारचं बोटही आता काळं दिसतंय. म्हणून आज सगळंच लिहितो. सेनामी, एक ओळ गाळायची नाही.

शुक्रवारी डबा आला. झाकणावर पवनचक्कीचं चित्र. मी दुकान अर्धं बंद केलं. रोझालीन पुढे स्टूल टाकून बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली, "दुकान जेवायला गेलंय."

साग्बो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. त्याच्या छातीत आणि पोटात सात खिळे आहेत.

ते त्या गोऱ्याने ठोकले नाहीत. मी ठोकले.

तिसऱ्यांदा मी मान हलवली तेव्हा त्याने साग्बोला उचलून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "पण यात टाचण्या नाहीत. खऱ्यात असतात ना? हे तर नुसतं पोर आहे." आणि खाली ठेवायला लागला. मी म्हणालो, "थांबा, हे अर्धवट आहे, पुजाऱ्याकडून पूर्ण करून आणतो." मंडपामागे एक चांभार बसला होता. त्याच्याकडून हातोडी आणि मूठभर बारीक खिळे घेतले. त्याने विचारलं नाही कशाला. लाकूड जुनं होतं, खिळा सहज आत जात होता. सातव्याला मी थांबलो, कारण गोरा मंडपाच्या कोपऱ्यावरून डोकावत होता, आणि त्याचा चेहरा खुलला होता.

टाचण्यांचं बाहुलं मी तिथे शिकलो, दादा. पहिलं मी आपल्या भावाचं केलं. पुढची सगळी कापडाची आहेत, ती त्या एकाची नक्कल.

पक्कड घेऊन बसलो. चार खिळे अलगद आले. दोन गंजले होते, तेलाचं बोट लावलं, थोडं थांबलो, आले. शेवटचा मोडला. त्याचं टोक आत आहे, काढायला गेलो तर छातीच फुटेल. ते तसंच ठेवलंय.

कोरणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो भोकांवर बोट फिरवून म्हणाला, "खुंट्या घालून देऊ? तासाभराचं काम. काही बोलायचं असेल तर आधी बोलून घे, मग मी बंद करतो."

मी म्हणालो, "तो रखवालदार नाही. त्याला माझं आणखी काही आपल्या अंगावर घ्यायला नको."

म्हातारा गेला. तरी खोटं कशाला सांगू, मी एका भोकाशी तोंड नेलं. मुलं, दुकान, गुडघे, काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. सत्तावन्न वर्षं तोंडाच्या जोरावर जगलेला माणूस मी, आणि तिथे एक शब्द सुचला नाही. नुसता श्वास गेला आत.

रोझालीनने घरून चवळी आणली होती, वर पामतेल. म्हणाली, "तोंड काय बघतोस त्याचं? पंचवीस वर्षांचा उपाशी आहे तो. भरव." मी भरवलं. आंघोळ घातली नाही. ती तुझ्या हातची.

सेनामी विचारेल म्हणून सांगतो. दोरीवरची बाहुली मी उतरवली नाहीत. उतरवली असं लिहिलं असतं तर पत्र चांगलं दिसलं असतं. शनिवारी एका जहाजावरचे लोक आले आणि मी बारा विकली. "हजार वर्षांपासून" मात्र तोंडातून निघालं नाही. एकाने विचारलं, तर म्हणालो, "तुमच्या आजीला विचारा." त्याला ती थट्टा वाटली.

भोकं मी बुजवली नाहीत. बुजवायची की नाही, साग्बोला दारात घ्यायचं की नाही, मला दारात घ्यायचं की नाही, तिन्ही तुझ्यावर. पण ठरव लवकर. अंगठा थांबणार नाही, आणि वर्ष संपत आलंय.

दोसू


कोतोनू, १७ डिसेंबर

दादा,

हे पत्र पुरावा म्हणून लिहितोय. काल फोनवर तू जे बोललास ते तुझ्या शब्दांत कागदावर उतरवतो, म्हणजे उद्या तू "मी असं म्हणालोच नाही" म्हणालास तर सेनामी हे उघडून दाखवेल. पंचवीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलं मनात आलं ते हे, की म्हातारा झालास. माझाही तसाच ऐकू आला असेल.

सेनामीने फोन लावला, "बोला" म्हणाली आणि तुझ्या हाती दिला. मला तुझा श्वास ओळखू आला. मी म्हणालो, "दादा?"

तू म्हणालास, "कुठेय तो?"

"समोर. गल्ल्यावर बसलाय."

"खाल्लं?"

"सकाळी चवळी. दुपारी थोडा मक्याचा गोळा."

"तिखट घालून दिलास काय? त्याला चालत नाही."

"माहीत आहे."

मी म्हणालो, "दादा, ते खिळे..."

तू म्हणालास, आणि हे मी शब्दाला शब्द लिहितोय, "रानात गेला होता ना तो? पंचवीस वर्षं रानात. तिथे काटे बोचतातच. जितका आत जाशील तितके जास्त."

तू थांबला नाहीस. म्हणालास, "तू माफी मागू नकोस, माझ्याकडे सुटे नाहीत." हे तू गिऱ्हाइकांना म्हणायचास, सुटे पैसे नसले की. मी फोन तोंडापासून लांब धरला.

"भोकांचं काय करू?"

"मी कान चावला तो कुणी बुजवला होता का? राहू दे."

"मग आणू त्याला?"

"एवढ्यात नाही. आधी सांग, मोळी कुठाय?"

"कसली मोळी?"

"अरे शहाण्या, तो लाकडं आणायला गेला होता ना? दोन वर्षांचा होता तेव्हा गेला. आज साठ वर्षांचा होऊन येतोय. रिकाम्या हाताने दारात उभा राहिला तर शेजारी काय म्हणतील? आईने काय म्हटलं असतं?"

मागून सेनामी हसल्याचं ऐकू आलं. तू हसत नव्हतास.

"त्याच्याने उचलवणार नाही," तू म्हणालास. "वीतभर जीव. तू आण. डोक्यावर घेऊन ये, नाक्यापासून घरापर्यंत पायी. आणि वाटेत बोहिकॉनच्या टॅक्सी-अड्ड्यावर विकत घेशील तर मला कळेल. तिथली लाकडं मी ओळखतो."

"आणि दवाखाना?"

"मोळी आली की तिच्यावर पाणी तापवायचं. त्याला आंघोळ घालायची. मग त्याला घेऊन दवाखान्यात जाऊ. तो माझ्या उशाशी राहील. तू बाहेर बाकावर बसायचं. जितके दिवस लागतील तितके. टोपली तुझ्या हातात द्यायची नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. हे खाली सही करून पुन्हा म्हणतो.

सेनामी, डॉक्टरांना शुक्रवार सांगून ठेव.

आज टॅक्सीच्या अड्ड्यावर जाऊन आलो. ड्रायव्हर म्हणाला, "काका, डोकं ठिकाणावर आहे ना? लाकडं तिकडून इकडे येतात. कोतोनूहून आबोमेकडे लाकडं नेणारा माणूस मी आजवर पाहिला नाही."

मी म्हणालो, "आमचा भाऊ नेतोय. लहानपणापासून गोळा करत होता."

"मग तो स्वतः का नाही येत?"

"येतोय. मांडीवर बसेल. त्याचं भाडं नाही."

मोळीचं मात्र एका माणसाचं भाडं घेतलं त्याने. रोझालीनने कापड दिलंय, निळ्यावर पिवळी पानं. मोठा सदरा आणि वीतभराचा सदरा, दोन्ही होतील एवढं. तिला म्हणालो, घेतो की नाही ते तोच ठरवेल. ती म्हणाली, "तू फक्त ने. तुला मत कुणी विचारलंय?"

लाकडं मी स्वतः तोडली नाहीत, एवढं खोटं माझ्या पाठीलाही झेपत नाही. समुद्राकडच्या जुन्या बागेतल्या म्हाताऱ्याकडून वाळकी घेतली आणि बांधली मात्र मी. आई बांधायची तशी, दोन आडव्या दोऱ्या, वरून पीळ. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. डोक्यावर घेऊन दुकानापासून नाक्यापर्यंत चालून पाहिलं. मान दुखते. पोचेन.

गुरुवारी दुपारी येतो. चूल विझवून ठेवा, ती या मोळीनेच पेटवू. टॅक्सी पांढरी आहे. दोनदा जाऊन बघून आलो.

दोसू